पदाच्या डोक्यावरची चाल

(मंडळाच्या आषाढातील सभासद-मेळाव्यात आमच्या श्रवण-गटाच्या वतीने केलेले भाषण)



आम्ही बोलणार आहोत एका फ्रेंच गायिकेबद्दल. कार्यक्रमपत्रिकेत विषय वाचून काहींच्या भुवया वर गेल्याचे आम्ही पाहिले. गणेशोत्सवाच्या तयारीच्या मेळाव्यात पॅरिस कुठून आले, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण आम्हाला एक कबुली द्यायची आहे, आणि तिची वाट पॅरिसवरूनच जाते. तेव्हा थोडा धीर धरावा.

गेल्या वर्षी सातव्या दिवशी आपल्या मंचावर आपल्याच मुलामुलींनी ‘मानापमाना’तले एक पद म्हटले, ते आठवत असेल. गिटार होती आणि तबल्याच्या जागी बसून वाजवायची ती लाकडी पेटी होती. लय वाढवलेली होती, आणि मधे एका कडव्याला दोघांनी मिळून वेगळाच सूर धरला होता. पहिल्या रांगेतले आमच्यातलेच एक ज्येष्ठ मधूनच उठून गेले. दुसऱ्या आठवड्यात कार्यकारिणीकडे एक पत्र आले. ‘उत्सवाच्या मंचावर जुनी पदे मूळ ढंगातच व्हावीत, अन्यथा होऊ नयेत,’ अशा अर्थाचे. त्यावर पाच सह्या होत्या. त्या पाचही सह्या आमच्या. शनिवारी संध्याकाळी एकत्र बसून जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकणारा जो आमचा छोटा गट आहे, त्यानेच ते पत्र लिहिले होते.

पत्राचा परिणाम झाला. यंदा ती मुले तालमीला आली नाहीत. कोणी भांडले नाही की उलट उत्तर पाठवले नाही. नुसती आली नाहीत. गावाबाहेर चार पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्या मराठी माणसांना या ‘नुसते न येण्या’चा अर्थ वेगळा सांगायला नको. भांडणारा माणूस पुन्हा येतो. न येणारा हळूहळू आपला राहत नाही.

आमच्यातल्या एका काकूंची नात त्या गाणाऱ्यांत होती. कॉलेजात ती फ्रेंच शिकते. फाल्गुनात एका शनिवारी ती आमच्या बैठकीत आली, पोह्यांची बशी उचलली आणि म्हणाली, “आजी, ही एक बाई आहे. त्यांच्याकडची जुनी गाणी नव्या तऱ्हेने म्हणते. तुम्ही सगळ्यांनी ऐका आणि तिलाही एक पत्र लिहा.” टोमणा सरळ होता. आम्ही तो गिळला आणि ऐकायला बसलो. त्यानंतर सात-आठ शनिवार आम्ही तेच ऐकत होतो. शब्द कळावेत म्हणून ती पोरगीच ओळ न् ओळ मराठीत सांगत असे.

त्या गायिकेचे नाव झाझ. खरे नाव इझाबेल जेफ्रुआ. जन्म १९८० सालचा, फ्रान्समधल्या तूर शहराजवळचा. लहानपणी तिथल्या संगीतशाळेत शिकली, पुढे पॅरिसला आली आणि मोंमार्त्रच्या टेकडीवर रस्त्यात उभी राहून गायली. २०१० साली तिचा पहिला अल्बम आला आणि त्यातल्या एका गाण्याने ती युरोपभर पोचली. आवाज घोगरा, किंचित खरबरीत. तोंडाने ती तुतारीसारखा आवाज काढते. सांगायचे म्हणजे, ही काही जुन्या गाण्यांची पुजारीण नव्हे. ही आजच्या बाजारातली लोकप्रिय गायिका आहे. तिने २०१४च्या नोव्हेंबरात ‘पारी’ नावाचा अल्बम काढला. पारी म्हणजे पॅरिस. त्यात बहुतेक गाणी जुनी, आणि सगळी त्या शहरावरची.

या गाण्यांच्या प्रकाराला फ्रेंच लोक ‘शांसों’ म्हणतात. शब्दाचा अर्थ नुसता ‘गाणे’. पण रूढ अर्थ आपल्या भावगीताच्या जवळ जाणारा आहे. कविता आधी, चाल तिच्या मागून. गायकाने शब्द असा टाकायचा की शेवटच्या बाकावरच्या माणसाला तो कळला पाहिजे. एदीत पियाफ, शार्ल त्रेने, जॉर्ज ब्रासांस, जाक ब्रेल ही त्यातली मोठी नावे. आपल्याकडे गजाननराव वाटव्यांच्या पिढीने जे केले, म्हणजे कविता लोकांच्या ओठांवर नेली, तेच काम तिकडे या लोकांनी केले. साथीला असे अकॉर्डियन. आणि मंडळी, आपल्या नाट्यसंगीताची जी जीव की प्राण ती पेटी, हार्मोनियम, तीही मूळची पॅरिसचीच. आलेक्सांद्र देबँ नावाच्या कारागिराने ती १८४०च्या सुमारास तिथे घडवली. पुढे आपल्याकडे हातभात्याची पेटी तयार झाली आणि ती मांडी घालून बसली. पेटीशिवाय मूळ ढंग नाही असे म्हणणाऱ्या आम्हाला हे ऐकून पहिला ठसका लागला.

दुसरा ठसका गाण्यांच्या कुळाचा. ही पॅरिसची गाणी, तेव्हा ती पॅरिसच्याच लोकांनी केली असणार अशी आमची समजूत. एकेक गाण्याची चौकशी करू लागलो तसे चित्र बदलत गेले.

‘शांझेलिझे’ घ्या. पॅरिसच्या त्या प्रसिद्ध रस्त्यावरचे हे गाणे आज जगात कुठेही पॅरिस दाखवायचे झाले की वाजते. ते १९६९ साली लोकप्रिय केले ज्यो दासँने. दासँचा जन्म न्यूयॉर्कचा. आणि चाल? ती एका इंग्रज वाद्यवृंदाच्या १९६८च्या गाण्याची. ते गाणे होते लंडनच्या वॉटर्लू रोडवर. पिएर देलानोए या गीतकाराने त्यावर फ्रेंच शब्द बसवले, रस्ता बदलला आणि लंडनचे गाणे पॅरिसचे झाले.

‘जे द्योझामूर’ घ्या, म्हणजे ‘माझी दोन प्रेमे’. एक आपला देश आणि दुसरे पॅरिस. १९३० साली हे गाणे गायले जोसेफीन बेकरने. ती १९०६ साली अमेरिकेत सेंट लुई इथे गरीब कृष्णवर्णीय घरात जन्मली आणि १९२५ मध्ये पॅरिसला आली. संगीतकार व्हँसां स्कोतो मार्सेयचा. पुढे बेकर फ्रेंच नागरिक झाली. दुसऱ्या महायुद्धात तिने जर्मनांविरुद्धच्या लढ्यात गुप्त निरोप पोचवले. स्वरलिपीच्या कागदांवर अदृश्य शाईने लिहून, असे सांगतात. २०२१ साली फ्रान्सने तिला पाँतेओंमध्ये मान दिला. राष्ट्राच्या थोरांचे ते स्मारक, आणि तिथे स्थान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. हे गाणे संपले तेव्हा आमच्यातले एकजण हळूच म्हणाले, “हे तर आपलेच झाले.” त्यांना काय म्हणायचे होते हे तुम्हाला कळले असेल. होळकरांच्या काळात आपले पणजोबा-खापरपणजोबा इथे आले. घरात बोलायला मराठी, बाजारात माळवी-हिंदी. सुट्टीत पुण्या-कोल्हापुराला गेलो की तिथले म्हणतात, तुमचे मराठी जरा वेगळे आहे हो. परत आलो की राजवाडा दिसल्यावर घरी आल्यासारखे वाटते. दोन प्रेमे म्हणजे काय, हे आपल्याला शब्दकोशात पाहावे लागत नाही.

शार्ल अझनावूर हा आर्मेनियन निर्वासितांचा मुलगा. युद्धकाळात त्याच्या घरच्यांनी ज्यूंना आसरा दिला होता. त्याचे मे महिन्यातल्या पॅरिसवरचे गाणे या अल्बममध्ये त्याने झाझबरोबर स्वतः म्हटले आहे. तो नव्वद वर्षांचा, ती चौतीस वर्षांची. कोल पोर्टर हा अमेरिकेतल्या इंडियाना राज्याचा. पॅरिसवरचे त्याचे गाणे १९५३ साली ब्रॉडवेच्या रंगमंचासाठी लिहिलेले. ‘पारी कानाय’ लिहिणारा लेओ फेरे मोनाकोत जन्मला. खुद्द झाझ तूरची. शहराचे गाणे शहरात जन्मलेलेच करतात असे नाही. बाहेरून आलेल्याला शहर अधिक नीट दिसत असावे.

कुमारजींची आठवण आम्हाला इथेच झाली. बेळगावजवळच्या सुळेभावीचे, घरची भाषा कानडी, तालीम मुंबईत. आजारपणामुळे १९४८ मध्ये देवासला आले, आणि इथल्या बायकांच्या तोंडची माळव्याची लोकगीते ऐकत राहिले. आज माळव्याचा आवाज कोणता असे कोणी विचारले तर निम्मे लोक कुमार गंधर्वांचेच नाव घेतील. आणि हेच कुमारजी १९६०च्या दशकात बालगंधर्वांची पदे घेऊन बसले. त्या कार्यक्रमाला त्यांनी नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. नक्कल केली नाही. आपल्याला जे उमजले ते आपल्या गळ्याने म्हटले. तेव्हाही नाके मुरडणारे होतेच. आमच्या घरांतलेच काही होते, हे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. आज त्याच ध्वनिमुद्रणाचा आम्ही शनिवारी मूळ प्रमाण म्हणून दाखला देतो.

आता झाझने त्या गाण्यांचे केले काय, ते सांगतो. तीन गाण्यांसाठी तिच्यामागे उभा होता क्विन्सी जोन्स. अमेरिकन जॅझमधला हा दिग्गज १९५७ मध्ये पॅरिसला येऊन नादिया बूलांजेकडे शिकला होता, त्या शहरात ध्वनिमुद्रणाचे काम केले होते. ‘शांझेलिझे’ला त्याने मोठा वाद्यवृंद दिला. तुताऱ्या आणि ट्रॉम्बोनच्या फटकाऱ्यांत ते गाणे रस्त्यावरून चालत नाही, नाचत जाते. ‘रोमान्स द पारी’मध्ये तिच्याबरोबर थोमा द्युत्रों आहे. त्यात गिटारचा जो ठेका आहे तो पॅरिसच्या भटक्या जिप्सी वादकांच्या जॅझचा. ‘सू ल सिएल द पारी’, म्हणजे पॅरिसच्या आकाशाखाली, हे मूळचे १९५१च्या चित्रपटातले तीन मात्रांचे गाणे. आपल्या दादऱ्याशी त्याचे दूरचे नाते लागावे असे. पियाफनेही ते गायले होते. झाझचे ऐकताना आमच्यात दोन तट पडले. दोघांना तिचा खरबरीत आवाज भावला. तिघांचे म्हणणे पडले की पियाफच्या आवाजात जो पोटातून आलेला उमाळा आहे तो इथे नाही, इथे चटपटीतपणा जास्त. आमच्या मते अल्बममध्ये काही जागा अशा आहेत की त्या पर्यटकांना विकायच्या चित्रांसारख्या वाटतात. छान, रंगीत, पण आत कोणी राहत नाही. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, या लोकांना पोरीने भुरळ घातली.

पण अल्बमचे पहिलेच गाणे आम्ही शेवटी नीट ऐकले, आणि त्याने आमची झोप उडवली.

‘पारी सेरा तुजूर पारी’. पॅरिस नेहमी पॅरिसच राहील. गाणे १९३९चे. गायले मोरिस शेव्हालिएने, शब्द अल्बेर विलमेत्झचे. ते साल लक्षात घ्या. सप्टेंबरात फ्रान्स युद्धात उतरला. रात्री दिवे मालवायचे हुकूम निघाले, खिडक्यांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या गेल्या. त्या अंधाऱ्या शहरावर हे हसरे, टोपी तिरपी करून म्हणायचे गाणे. दिवे गेले तरी आमचा रुबाब जाणार नाही, असा त्याचा आव. झाझने ते झकास म्हटले आहे. पहिल्यांदा ऐकताना आम्ही माना डोलावल्या होत्या.

मग आम्ही नेहमीप्रमाणे विचारले, चाल कोणाची?

चाल कासिमिर ओबरफेल्डची. पोलंडमधल्या लोद्झ शहरात १९०३ साली जन्मलेला ज्यू. पॅरिसला येऊन त्याने रंगमंचासाठी आणि बोलपटांसाठी हलकीफुलकी गाणी केली. फर्नांदेलसारख्या विनोदी नटाचे १९३९चे ‘फेलिसी ओसी’ हे गाजलेले गाणेही त्याचेच. पॅरिसला हसवणारा माणूस. गाणे आल्यावर वर्षाच्या आत, १४ जून १९४० रोजी, जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. १९४२च्या जुलैमध्ये दोन दिवसांत तेरा हजारांवर ज्यू स्त्री-पुरुष-मुले धरली गेली, आणि धरणारे पोलीस फ्रेंच होते. ओबरफेल्डला १९४३ साली ऑश्विट्झला पाठवले. १९४५च्या सुरुवातीला, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. पॅरिस नेहमी पॅरिसच राहील, ही चाल ज्याने बांधली त्याला पॅरिसने राहू दिले नाही.

एवढ्यावर थांबत नाही. जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या सरकारचा प्रमुख मार्शल पेतँ. त्याच्या स्तुतीचे एक गाणे त्या काळात फ्रान्सच्या शाळाशाळांत मुलांकडून म्हणवून घेतले जाई. त्या गाण्याची चाल ओबरफेल्डने १९३३ साली एका चित्रपटासाठी केलेल्या गाण्यावरून उचललेली होती. छापले गेले दुसऱ्यांचेच नाव. म्हणजे एकीकडे मुले त्याची चाल म्हणताहेत आणि दुसरीकडे त्या चालीच्या धन्याला आगगाडीच्या डब्यात कोंबून पूर्वेकडे नेले जाते आहे.

त्या शनिवारी बैठक लवकर उठली. चहा कोणी घेतला नाही.

झाझला हे ठाऊक होते की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही. पण अल्बम आला तेव्हा एका मुलाखतीत ती असे काही बोलून गेली की जर्मनांच्या ताब्यात असतानाही पॅरिसमध्ये एक प्रकारचा हलकेपणा होता, पूर्ण मोकळीक नसतानाही लोक मोकळेपणाची गाणी गात होते. त्यावर फ्रान्समध्ये बरीच टीका झाली. तिच्या बाजूनेही बोलता येईल. गाणी खरोखरच हसरी होती. ‘रोमान्स द पारी’ हे त्रेनेचे गाणे १९४१चे, ऐन ताब्याच्या काळातले, आणि ते प्रेमात पडलेल्या जोडप्याचे आहे. नुसती गाणी ऐकून त्या काळाचा अंदाज बांधणाऱ्याला तो काळ हलकाच वाटणार. दोष गाण्याचा नाही. गाणे हसते, कारण ते हसण्यासाठीच केलेले असते. त्याच्या मागचे सांगायला कोणीतरी दुसरे लागते.

तिच्यावर टीका करणे आम्हाला सोपे होते, आणि आम्ही ती सुरूही केली होती. बघा, म्हणालो, नवीन लोक जुने गाणे घेतात, ठेका बदलतात, आणि त्याचे मूळ विसरतात. आमच्या पत्रात हेच तर लिहिले होते!

नात शांतपणे ऐकत होती. तिने विचारले, “आजी, मागच्या वर्षी आम्ही जे पद म्हटले, त्याची चाल कोणाची?”

“गोविंदराव टेंब्यांची,” आम्ही पाचहीजण एका सुरात म्हणालो. १९११चे ‘मानापमान’, शब्द काकासाहेब खाडिलकरांचे, चाली टेंब्यांच्या. एवढे तर आम्हाला झोपेतही सांगता येते.

“आणि त्यांनी ती कुठून आणली?”

याला उत्तर नव्हते. पुढच्या शनिवारी आमच्यातल्या एकांनी माळ्यावरून आजोबांची ट्रंक काढली. तीत संगीत नाटकांची जुनी, पिवळी पडलेली पुस्तके होती. तुमच्यापैकी ज्यांनी ती पाहिली असतील त्यांना आठवेल, अशा पुस्तकांत पदाच्या डोक्यावर बारीक टायपात एक ओळ छापलेली असते. राग अमुक, ताल तमुक, चाल अमुक. आणि चालीच्या पुढे, ज्या मूळ गाण्यावरून ती बांधली त्याचे पहिले दोन शब्द. कुठे हिंदी चीज, कुठे ठुमरी, कुठे लावणी, कुठे कानडी पद. ज्या पदासाठी आम्ही पत्र लिहिले होते त्याच्या डोक्यावरही हिंदी चीजेचे दोन शब्द होते.

म्हणजे, मंडळी, ज्याला आम्ही मूळ ढंग म्हणत होतो तो स्वतःच एक नवा ढंग होता. कुठल्या तरी पूरबच्या गायिकेच्या गळ्यातली चीज टेंब्यांनी उचलली, तिला मराठी शब्दांचा पोशाख चढवला आणि मंचावर उभी केली. त्या वेळी त्या चीजेचा जाणकार कोणी पहिल्या रांगेत बसला असेल, तर तोही कदाचित उठून गेला असेल. आमच्या पणजोबांनी मात्र टाळ्या वाजवल्या, आणि वन्समोअर घेतला.

पण एक फरक आहे, आणि आम्हाला जे सांगायचे आहे ते एवढेच. टेंबे-खाडिलकरांच्या काळाने ती ओळ पदाच्या डोक्यावर छापली. चाल अमुक. हे आमचे नाही, इथून घेतले, असे सांगण्यात कमीपणा मानला नाही. कुमारजींनी कार्यक्रमाच्या नावातच दोन्ही गोष्टी सांगितल्या, बालगंधर्व कोणाचे आणि उमजणे कोणाचे. आपल्या इंदूरला जन्मलेल्या लताबाईंनी १९९२ साली सैगल, मुकेश, रफी, किशोर यांची गाणी स्वतःच्या गळ्यातून म्हटली, तेव्हा त्या ध्वनिमुद्रिकांना ‘श्रद्धांजली’ नाव दिले. ओबरफेल्डच्या चालीवर पेतँचे गाणे करणाऱ्यांनी मात्र ती ओळ खोडली. गाणे बदलणे आणि गाणे चोरणे यांत फरक असेल तर तो त्या एका ओळीचा आहे.

आणि ती ओळ विसरण्यात नव्यांइतकेच आम्ही जुनेही पटाईत निघालो. मुलांनी ठेका बदलला म्हणून आम्ही रागावलो. पण ठेका धरून बसलेल्या आम्हालाही चीजेचे ते दोन शब्द माहीत नव्हते. आम्ही राखण करत होतो ती दाराची. आत काय ठेवले आहे ते आम्ही कित्येक वर्षांत उघडून पाहिलेच नव्हते.

म्हणून, अध्यक्षमहाशय, आम्ही पाचहीजण गेल्या वर्षीचे पत्र आज या मेळाव्यात मागे घेत आहोत. लेखी निवेदन सचिवांकडे दिले आहे. ज्या मुलांची मने दुखावली त्यांच्या घरी जाऊन आम्ही हे आधीच सांगितले आहे. तिथे चहा मिळाला, आणि एका घरी बोलणीही मिळाली. दोन्ही आमच्या हक्काची होती.

त्याबरोबर एक सूचना आहे. अट नव्हे. यंदा मंचावर जे कोणी जुने गाणे म्हणेल, मूळ ढंगात असो वा नव्या, त्याने आधी अर्धा मिनिट त्या पदाच्या डोक्यावरची ओळ सांगावी. शब्द कोणाचे, चाल कोणाची, ती कुठून आली, आणि गाणे कोणत्या दिवसांत जन्मले. पेटी-तबल्यावर गाणाऱ्या ज्येष्ठांनाही हे लागू असावे, किंबहुना आधी त्यांनाच. ज्यांना माहिती हवी त्यांच्यासाठी ती ट्रंक आम्ही मंडळाच्या वाचनालयात आणून ठेवली आहे. पुस्तके जीर्ण आहेत, पाने जपून उलटावीत. ज्या पदांच्या चाली पुस्तकात नाहीत पण आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहेत, त्या लिहून घ्याव्यात. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये, कारण सांगणारी माणसे आपल्यात थोडी उरली आहेत.

मुलांनी ही सूचना मान्य केली आहे. त्यांनी उलट आम्हालाही एक काम दिले. ते ज्या हिंदी चीजेवरून पद बांधले गेले ती चीज शोधताहेत. सापडली तर आधी ती चीज, मग टेंब्यांचे पद आणि मग त्यांचे गिटारवरचे, असे तिन्ही एकापाठोपाठ म्हणायचा बेत आहे. मधले पद म्हणायला त्यांना पेटीवाला हवा होता. जे ज्येष्ठ गेल्या वर्षी उठून गेले होते, त्यांनी परवा पेटीचा भाता दुरुस्तीला टाकला आहे.

आता झाझविषयी शेवटचे. तिला पत्र लिहा असे नात म्हणाली होती. आम्ही लिहिले नाही. पण लिहिलेच असते तर गाणे का बदललेस असे विचारले नसते. छान म्हटलेस, असे म्हटले असते. आणि पुढच्या वेळी ते गाणे मंचावर म्हणशील तेव्हा सुरू करण्याआधी एकदा कासिमिर ओबरफेल्ड हे नाव घे, एवढी विनंती केली असती. तिच्या देशात ते नाव घेणारे आहेतच. आज इथे, इंदुरात, एका मराठी मंडळाच्या सभेत ते आम्ही घेतले. कधी पॅरिसची ती धून कानावर पडली तर तुम्हीही मनातल्या मनात घ्यावे.

सातव्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांनी यावे. आणि कार्यक्रम संपेपर्यंत बसावे.

गणपती बाप्पा मोरया!